फाट्यावर उतरल्यावर महामार्ग कसा ओलांडावा

आपल्याकडचा फाटा म्हणजे एक पानठेला, एक चहाची टपरी, थांबलेली काळीपिवळी आणि मधून पळणारा रस्ता. पांढरे पट्टे असलेच तर टायरांनी घासून पुसट झालेले. पट्ट्यावर चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा नियम आहे खरा. पण रेतीचा टिप्पर तो पाळेल या भरवशावर पाऊल टाकू नका.

एसटीतून उतरलात की आधी काहीच करू नका. गाडी निघून जाऊ द्या. उभ्या बसच्या पुढून किंवा मागून निघालं की तिला ओव्हरटेक करणारा तुम्हाला दिसत नाही, अन् त्यालाही तुम्ही दिसत नाही. घाई असते, डोक्यावर गाठोडं असतं, समजतं. पण बस जायला अर्धा मिनिट लागतो.

मग जागा बघा. वळण, पुलाचा चढ, उभा ट्रक, बाभळीचं झुडूप यांच्यापासून दूर, दोन्हीकडचा रस्ता लांबवर दिसेल अशी. त्यासाठी शंभर पावलं मागे जावं लागलं तरी जा.

आता खरा हिशेब. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. दोन पदरी रस्ता साधारण 7 मीटर रुंद. सावकाश चाललं तर तो ओलांडायला 7 सेकंद. तेवढ्यात गाडी दीडशे मीटर पुढे येते. म्हणून एकदा दिवसाढवळ्या रस्त्याच्या कडेने 300 पावलं मोजा आणि तिथलं कडुनिंबाचं झाड किंवा खांब खूण म्हणून धरा. दुसऱ्या बाजूलाही तशीच खूण ठरवा. गाडी खुणेच्या अलीकडे आली असेल तर थांबायचं. म्हातारी माणसं किंवा कडेवर लेकरू असेल, तर 400 पावलं धरा.

आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे बघा. रस्ता मोकळा दिसला की सरळ चाला. तिरपं गेलं की रस्ता लांबतो. पळू नका, चप्पल निघाली तर मागे वळू नका. चार पदरी असेल तर दुभाजकात थांबून दुसरा अर्धा नव्याने बघायचा. तिथेही दोन्हीकडे बघा, कारण उलट्या बाजूने येणारे मोटारसायकलवाले सगळ्या फाट्यांवर आहेत.

कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातून परतेपर्यंत अंधारतं. तेव्हा डोक्यावर पांढरा दुपट्टा घ्या, हातात मोबाइलचा टॉर्च लावा आणि तो गाडीवाल्याच्या डोळ्यांत न मारता आपल्या पायांवर धरा. एकच दिवा येताना दिसला तर मोटारसायकल समजू नका. एक दिवा फुटलेला ट्रकही तसाच दिसतो.

कोणाला धडक बसलीच तर 108 लावा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 सुद्धा चालतो. मदत करणाऱ्याला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

फाट्यावर सोय हवी असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. तो कुठे पाठवायचा हे मैलाचा दगड सांगतो: वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. हिरव्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागात जा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक सहसा मिळत नाही, म्हणून रंबल पट्ट्या (गाडी खडखडवून चालकाला सावध करणाऱ्या आडव्या पट्ट्या), पादचारी पट्टे आणि उंच दिवा मागा. अर्जाची पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्या.