बरणीत बेडूक न ठेवता मुलांना बेडूक शिकवा

पाऊस सुरू झाला की मुलांसाठी डबक्यातले टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, बरणीत भरून आणायची हौस येते. ती टाळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही आणि घातलेलं खाणं कुजून एवढंसं पाणी लगेच नासतं. चार ते सात वर्षांच्या मुलांना पुरेल एवढं साहित्य स्वयंपाकघरातच असतं.

सुरुवात सब्जापासून. एक छोटा चमचा सब्जा पेलाभर साध्या पाण्यात टाका आणि पहिल्या मिनिटात दोनतीनदा ढवळा, नाहीतर गठ्ठा होतो. पंधरा-वीस मिनिटांत प्रत्येक काळ्या दाण्याभोवती जेली फुगते. बेडकाच्या अंड्यांभोवतीची जेलीही अशीच पाण्यात पडल्यावर फुगते. निळ्या ताटलीत चमच्याने त्याचा एक पुंजका करा, शेजारी एक लांब माळ. पुष्कळ बेडकांची अंडी पुंजक्यात असतात. अंगावर खरखरीत गाठी असलेला, घराच्या आसपास दिसणारा भेक माळा घालतो. (ताटली स्वच्छ असेल तर उरलेला सब्जा फालुद्यात जाऊ द्या.)

आता कणीक. लिंबाएवढा गोळा घ्या, त्याचा गोल डोक्याचा, लांब शेपटीचा टॅडपोल करा. खेळाच्या कणकेत घालतात तसं भरपूर मीठ इथे नको. पावसाळी हवेत ते ओल धरतं आणि गोळा चिकट होतो. आधी मागचे पाय लावायचे, मग पुढचे. नियम एकच: नवी कणीक घ्यायची नाही, लागेल ती शेपटीतून चिमटायची. शेपूट गळून पडते असं मुलं हमखास सांगतात. खरं तर ती अंगातच जिरते आणि त्या दिवसांत पिल्लू जवळजवळ काही खात नाही. चिमटून चिमटून शेपूट संपली की हे वेगळं समजावावं लागत नाही.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, आणि त्याच कातडीतून ते उडूनही जातं. भांडी घासायच्या स्पंजाचे दोन सारखे तुकडे बेडकाच्या आकारात कापा, प्रत्येकावर 30 मिली पाणी ओता. एक पंख्याखाली उघडा ठेवा, दुसरा पालथ्या कुंडीखाली ओल्या पानांत. दोन तासांनी दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. सुरुवातीचं वजन लिहून ठेवायला विसरलात तर सगळं फुकट. हवा फार दमट असेल तर फरक कमी दिसेल. आणखी दोन तास थांबा.

आवाजासाठी साहित्य लागत नाही. तोंड मिटून, गाल फुगवून ‘डराँव’ म्हणायला सांगा. नर बेडूक तोंड बंद ठेवूनच ओरडतो. हवा फुप्फुसं आणि गळ्याची पिशवी यांच्यात फिरते. जूनमध्ये पिवळेजर्द झालेले मोठे नर पाहायला मिळाले तर त्यांच्या निळ्या पिशव्या नक्की दाखवा.

खरा बेडूक पाहायचा तर जागेवरच. एकच डबकं ठरवा, दर तिसऱ्या दिवशी जा, वहीत चित्र काढा. काठावर गवतात हात घालू देऊ नका, साप असतात. अंधारात गमबूट आणि विजेरी हवीच. बेडकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही, तरी लावू नये: हातावरचा साबण, क्रीम, मीठ त्याच्या कातडीला झोंबतं, आणि भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतला विषारी चीक मुलांच्या डोळ्यांत जाऊ शकतो. चुकून हात लागलाच तर आधी साबणाने हात धुवा, मग वही उघडा.