आधी धुळीची वाट, मग भिंती

बाबा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांची वाळू आणि खरबरीत कडा साफ करायच्या कामाला होते. संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटावरून सायकलनं घरी यायचे तेव्हा शर्टाचा मूळ रंग फक्त काखेत उरलेला असायचा. आई तो शर्ट बाकीच्या कपड्यांत कधीच टाकायची नाही. मागच्या दारी त्याला वेगळी बादली आणि वेगळा दगड होता. आंघोळ झाल्याशिवाय बाबा आम्हा पोरींना जवळ घेत नसत. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्यापुढे अणुक्षेत्रातल्या एका कारखान्याच्या चेंज रूमचा नकाशा आला. बाहेरचे कपडे इकडे, कामाचे तिकडे, मधे ओलांडायचा अडसर, मग हातापायाला किरणोत्सर्गी धूळ लागली का ते तपासायचं मॉनिटर आणि न्हाणीघर. मला तो नकाशा कुणी समजावून सांगावा लागला नाही.

चौदा वर्षं मी अणुक्षेत्रातल्या कारखान्यांचे आराखडे करते. गावाकडं हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे कैगाला?" कैगाचं अणुवीज केंद्र आपल्याला जवळचं, काळी नदीच्या काठावरचं, म्हणून तेच डोळ्यापुढं येतं. पण माझं काम अणुभट्टीचं नाही. कैगात २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत. तशा प्रत्येक भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात आणि एकेका नळीत इंधनाच्या १२ मोळ्या, म्हणजे एका भट्टीत ३६७२ मोळ्या. मोळी हाच शब्द तिला शोभतो: झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या १९ बारीक नळ्या एकत्र बांधलेल्या, लांबी अर्धा मीटर, वजन सोळा किलोच्या आसपास. आत युरेनियम डायऑक्साइडच्या वड्या. देशात हे इंधन १९७१ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतं. अशा वड्या, नळ्या आणि भट्टीचे भाग जिथं बनतात ती इमारत, तिथली हवा, पाणी, क्रेन, दारं, गटारं ठरवणं हे आमचं काम.

नवीन माणूस आला की तो आधी यंत्रं मांडायला घेतो. मीही तेच केलं होतं. इथं सुरुवात यंत्रापासून होत नाही. पूड कुठून आत येणार, कुठं दाबली जाणार, तिची धूळ कुठं उडणार, ती धूळ कुठल्या वाटेनं जाणार, हे आधी कागदावर उतरतं. माणसाची वाट वेगळी, मालाची वेगळी, कचऱ्याची वेगळी, हवेची वेगळी. या चार वाटा एकमेकींना कुठं छेदतात ते पाहायचं आणि जिथं छेदतात तिथं डोकं लावायचं. भिंती त्यानंतर उभ्या राहतात.

साधं नैसर्गिक युरेनियम हातमोजे घालून हाताळता येतं. बाहेरून होणारा किरणोत्सर्ग थोडा. खरा धोका बारीक पूड श्वासावाटे आत जाण्याचा, आणि रसायन म्हणून ते मूत्रपिंडालाही बाधतं. म्हणून इमारतीचे, सर्वांत स्वच्छ ते सर्वांत धुळीचा, पांढरा, हिरवा, अंबर, लाल असे विभाग पाडतात आणि हवा नेहमी पांढऱ्याकडून लालकडं वाहती ठेवतात. लाल खोलीत दाब सर्वांत कमी. शेवटी हवा हेपा फिल्टरमधून जाते. ०.३ मायक्रॉनचे कण तो ९९.९७ टक्के अडवतो. त्यानंतर ती चिमणीतून बाहेर पडते. दोन खोल्यांतल्या दाबाचा फरक पाण्याच्या नळीत मोजला तर काही मिलिमीटर. एवढ्याशा फरकावर आतल्या माणसाची छाती अवलंबून असते.

हा फरक मला कळला तो एका उदबत्तीनं. इमारत नुकतीच पुरी झाली होती, माल अजून आत आलेला नव्हता. पंखे चालू करून आम्ही दारं तपासत होतो. मीटरवर आकडे बरोबर दिसत होते. आमचे साहेब खाली बसले, उदबत्ती पेटवली आणि दाराच्या खालच्या फटीशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला. पुढच्या दाराशीही तसाच. तिसऱ्या दाराशी तो घुटमळला, आणि शेजारच्या खोलीचं दार कुणी उघडताच आमच्या तोंडावर आला. साहेब म्हणाले, "बघ, दोन्ही दारं एकदम उघडली की काय होतं." त्या दिवशी ती दोन दारं इंटरलॉक करायचं ठरलं: एक उघडं असेल तर दुसरं उघडणारच नाही. मी नकाशावर ती दारं वर्षभर पाहत होते. दोन्ही एका वेळी कुणी उघडेल असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

एक चूक मात्र मला अजून बोचते. अणुभट्टीसाठी स्टेनलेस स्टीलचे भाग जोडणारी एक शेड मी मांडली होती. जागा वाचावी म्हणून कार्बन स्टीलच्या फ्रेमचं काम शेडच्या त्याच कप्प्यात, त्याच क्रेनखाली ठेवलं. तपासणाऱ्या बाईंनी एकच विचारलं, "ग्राइंडिंगची धूळ कुठं बसणार?" साध्या लोखंडाचे कण स्टेनलेसवर बसले की तिथं गंज धरतो, आणि जो भाग चाळीस वर्षं टिकायचा त्याच्यात दोष शिरतो. म्हणून स्टेनलेसची जागा वेगळी, ग्राइंडिंगचे चाक वेगळे, तारेचे ब्रशही स्टेनलेसचेच, खुणा करायचं पेनसुद्धा क्लोराइड नसलेलं. बाबांची पोर असून मी धूळ विसरले होते. नकाशा तीन आठवडे मागं गेला.

बाकी धोके त्या त्या कारखान्याप्रमाणे बदलतात. वड्या हायड्रोजनमध्ये सतराशे अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून छताशी हायड्रोजन साचणार नाही असंच छत करायचं. झिर्कोनियमचा बारीक चुरा पेट घेतो, आणि पेटलेल्या चुऱ्यावर पाणी मारायचं नसतं. म्हणजे आग विझवण्याची नेहमीची व्यवस्था तिथं चालत नाही. समृद्ध युरेनियम असेल तर साखळी प्रक्रिया आपोआप सुरू होऊ नये म्हणून एका भांड्यात किती माल आणि भांडं किती रुंद, हेही गणितानं बांधलेलं. हे सगळं पुस्तकात मिळतं, शिकता येतं.

कुठून शिरायचं? भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे; इंजिनियरांची 'गेट' ही परीक्षा देऊन तिथं जायची वाट आहे. मी तिथं मुलाखतीपर्यंत गेले. वाहत्या द्रवाचं बर्नूलीचं समीकरण तोंडपाठ होतं, पण ते कुठं लागू पडत नाही हे मला सांगता आलं नाही. निवड झाली नाही. मग उद्यमबागेतल्या एका हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात दोन वर्षं ड्रॉइंग काढली आणि तिथून खासगी सल्लागार कंपनीत आले. त्या दोन वर्षांना कमी लेखू नका. वेल्डरचा हात कुठवर पोचतो, स्पॅनर फिरवायला किती जागा लागते, फिल्टर बदलणारा माणूस कुठं उभा राहील, हे आपल्याकडच्या शॉपमध्ये उभं राहूनच कळतं. मेकॅनिकलवाल्यांनीच यावं असंही नाही. सिव्हिल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन सगळे लागतात. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांसाठी एनपीसीआयएल, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीत स्टायपेंडरी ट्रेनीची (विद्यावेतनावरच्या प्रशिक्षणार्थींची) भरती निघते, तिच्यावर लक्ष ठेवा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. मलाही होती. या कामातलं इंग्रजी थोडकं आहे, पण काटेकोर आहे. नियमात 'शॅल' असेल तर केलंच पाहिजे, 'शुड' असेल तर करणं बरं. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं. त्याच्या संहिता उघडा, एक निवडा आणि हे दोन शब्द दोन रंगांनी खुणा करत वाचा. महिनाभरात भीती जाते. आणि कन्नड सोडू नका. साइटवर फिटर आपल्या भाषेत मन मोकळं करतो, आणि नकाशातली निम्मी चूक त्याला आधी दिसलेली असते.

एक काम आजच करा. सगळ्या दाखल्यांवरची नावं ताडून पाहा. या क्षेत्रात पोलीस पडताळणी कसून होते, आणि आपल्या भागात एकाच पोराचं नाव मराठी शाळेत एक, कॉलेजात दुसरं झालेलं असतं. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग आपण 'डी'नं सुरू करतो, कन्नड वळणानं ते 'जे'नं लिहितात. माझ्या हाताखालच्या खानापूरच्या मुलाची रुजू व्हायची तारीख यापायी दोन महिने लांबली.

घरच्यांना किरणांची भीती वाटते, ती झटकून टाकू नका. आकडे सांगा. काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षी ३० ही मर्यादा आहे, सामान्य माणसाला वर्षाला १. आराखडा करताना आम्ही या मर्यादेच्या बरंच खाली राहायचं बघतो. माझ्या बाबांच्या छातीत किती वाळू गेली ते मात्र कुणी कधी मोजलं नाही. किरणांचे आकडे ऐकून बाबा बराच वेळ गप्प बसले होते, मग म्हणाले, "माणसागणिक लिहून ठेवतात होय?"

शेवटच्या वर्षाला असाल तर ओळखीनं एखाद्या फाउंड्रीत एक दिवस जा. नॉकआउटजवळ, म्हणजे वाळूचा साचा फोडून ओतलेला भाग बाहेर काढतात तिथं, मास्क लावून उभे राहा. वाळूचा धुरळा कुठून उठतो, कुठल्या खिडकीकडं जातो, कुणाच्या नाकाशी थांबतो ते कागदावर बाणांनी काढा. माणसांच्या जागा गोलांनी दाखवा. मग तोच कागद पुन्हा काढा, पण या वेळी पंखा, दार आणि भिंत तुम्हाला हवी तिथं. मुलाखतीला जाताना दोन्ही कागद बरोबर न्या.