अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचं महिला बास्केटबॉल बघताय? मग या चुका टाळा

चार हिवाळ्यांपूर्वी माझी भाची शिकायला मॅसॅच्युसेट्सला गेली. तिची रूममेट कॉलेजच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळत संघाचा खेळ चालवणारी खेळाडू होती. मी पुण्यात कॉलेजकडून खेळलेली, म्हणून भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, आमच्या मॅचेस बघशील का?" मी त्याच आठवड्यापासून बघायला लागले. पहिला मोसम संपला तेव्हा लक्षात आलं की निम्म्या गोष्टी मी चुकीच्या समजत होते. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांच्या पट्टीनं मी हे छोटं जग मोजत होते, तिथेच सगळं चुकत होतं.

कॉन्फरन्स म्हणजे मोसमभर एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. मी जी कॉन्फरन्स बघते तिचं नाव न्यूमॅक, म्हणजे न्यू इंग्लंड विमेन्स अँड मेन्स अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स. नावात बायका आधी आहेत, कारण ही कॉन्फरन्स सुरूच झाली ती फक्त महिलांच्या खेळांसाठी. पुरुषांचे खेळ १९९८ मध्ये आले. यात बारा कॉलेजं आहेत: स्मिथ, माउंट होल्योक आणि वेलस्ली ही तीन महिला महाविद्यालयं, शिवाय एमआयटी, डब्ल्यूपीआय (वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट), क्लार्क, बॅबसन, एमर्सन, स्प्रिंगफील्ड, व्हीटन, साल्वे रेजायना आणि कोस्ट गार्ड अकादमी. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांच्या तीन डिव्हिजन असतात, आणि ही सगळी कॉलेजं डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. तुमची मुलगी, पुतणी किंवा मैत्रिणीची लेक दुसऱ्या एखाद्या कॉन्फरन्समध्ये असली, तरी पुढचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

"डिव्हिजन थ्री म्हणजे तिसरा दर्जा"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आपल्याकडची माणसं ती हमखास करतात. डिव्हिजन म्हटलं की आपल्याला वाटतं, जिंकत गेलं की वर चढायचं आणि हरलं की खाली यायचं. अमेरिकन कॉलेजांच्या खेळात असं काही नसतं. खेळावर किती पैसा लावायचा आणि खेळाडूंना काय द्यायचं, यावरून कॉलेज आपली डिव्हिजन ठरवतं. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देता येत नाही. मैदानावरची प्रत्येक मुलगी शिकायला आलेली असते आणि खेळ तिनं स्वतःहून निवडलेला असतो. एमआयटीच्या संघातल्या मुली एमआयटीचाच अभ्यास करून सरावाला येतात.

खेळाच्या प्रतीबद्दल शंका असेल तर स्मिथचं उदाहरण घ्या. जेमतेम अडीच हजार विद्यार्थिनींचं हे कॉलेज २०२४ मध्ये डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचलं. स्मिथचा संघ तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीनं त्यांना ५१-४१ असं हरवलं. पुढच्या वर्षी स्मिथ पुन्हा अंतिम सामन्यात आलं आणि समोर पुन्हा तोच संघ होता.

५१-४१ हा आकडा बघून "काय हा स्कोअर!" म्हणणारे मला भेटलेत. त्यांनी तो सामना पाहायला हवा होता. दोन्ही बाजूंचा बचाव इतका घट्ट असेल तर प्रत्येक बास्केट झगडून मिळवावी लागते.

नावं नीट वाचा

माझा सर्वांत जास्त वेळ इथे गेला, म्हणून जरा सविस्तर सांगते. बातम्यांत आणि स्कोअरच्या ओळींत कॉलेजांऐवजी संघांची टोपणनावं येतात, आणि या कॉन्फरन्सची टोपणनावं अगदी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसली आहेत. एमआयटी "इंजिनिअर्स" आणि डब्ल्यूपीआयही "इंजिनिअर्स". स्मिथ "बेअर्स" आणि कोस्ट गार्डही "बेअर्स". स्मिथ पूर्वी "पायोनिअर्स" होतं, त्यामुळे जुन्या नोंदींत तेही नाव सापडेल. बॅबसनचा संघ "बीव्हर्स", आणि एमआयटीचं शुभचिन्हही बीव्हरच. एमर्सन "लायन्स". माउंट होल्योक आणि व्हीटन दोन्ही "लायन्स", पण यांचं स्पेलिंग वेगळं, वायनं लिहिलेलं.

या शेवटच्या नावामागची गोष्ट कळली आणि माझा सगळा वैताग गेला. हे लायन म्हणजे सिंह नव्हे, मेरी लायन. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी आयुष्य वाहिलेली ही शिक्षिका. १८३४ मध्ये व्हीटनची शाळा उभी राहिली त्यात तिचा हात होता, आणि १८३७ मध्ये तिनं स्वतः माउंट होल्योक काढलं. म्हणजे या दोन संघांचा सामना असतो तेव्हा दोन्हीकडच्या मुलींच्या जर्सीवर एकाच बाईचं नाव असतं. पुण्यात सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची. हे सन शेजारी शेजारी ठेवले की मला भरून येतं.

यावर उपाय सोपा आहे. टोपणनावावर जाऊ नका, कॉलेजचं नाव आणि राज्य दोन्ही तपासा. व्हीटन नावाचं आणखी एक कॉलेज इलिनॉयमध्ये आहे आणि तेही डिव्हिजन थ्रीतच खेळतं. मी एकदा तीन आठवडे चुकीच्या व्हीटनचे निकाल वहीत उतरवत होते.

शेजारीपाजारी असलेली कॉलेजं एकाच कॉन्फरन्समध्ये असतील, हेही गृहीत धरू नका. नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथपासून साउथ हॅडलीचं माउंट होल्योक पंधरा-सोळा किलोमीटरवर, ही दोन्ही न्यूमॅकमध्ये. त्याच खोऱ्यातलं अ‍ॅमहर्स्ट कॉलेज मात्र नेस्कॅक नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, आणि अ‍ॅमहर्स्ट गावातलंच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ तर डिव्हिजन वनमध्ये. वूस्टर शहरातही तसंच: क्लार्क आणि डब्ल्यूपीआय न्यूमॅकमध्ये, होली क्रॉस डिव्हिजन वनमध्ये.

सामना सुरू होऊन संपलेला असतो

भारतातून बघणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. हिवाळ्यात भारताची वेळ तिथल्यापेक्षा साडेदहा तासांनी पुढे असते. तिथल्या बुधवारी संध्याकाळी ७ चा सामना म्हणजे आपल्याकडे गुरुवारी पहाटे साडेपाच. तिथल्या शनिवारी दुपारी २ चा सामना म्हणजे आपला रविवार, रात्रीचे साडेबारा. कॅलेंडरवर अशा सामन्यांची तारीख टाकताना एक दिवस पुढची टाकायची हे पक्कं करा.

खरा घोटाळा होतो तो मार्चमध्ये. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. राष्ट्रीय स्पर्धा नेमकी तेव्हाच चालू असते. एका पहाटे मी चहाचा कप घेऊन बसले, तर पडद्यावर दुसरा क्वार्टर संपत आला होता. तेव्हापासून त्या रविवारपासूनचे सगळे सामने मी घड्याळ बदलल्यानंतरच्या वेळेनं आधीच लिहून ठेवते.

व्हिडिओ सापडत नसेल तर बहुधा तुम्ही चुकीच्या कॉलेजच्या पानावर आहात. सामना ज्यांच्या जिममध्ये असतो, प्रक्षेपण तेच करतात. तुमचा संघ बाहेरगावी खेळत असेल तर यजमानांचं पान उघडा. कॅमेरा बऱ्याचदा एकच असतो, समालोचक विद्यार्थी असतात. आवाज गेला तर थोडं थांबा, परत येतो. आणि व्हिडिओबरोबर आकड्यांचं लाइव्ह पान उघडं ठेवू नका. आकडे व्हिडिओच्या पुढे धावतात, त्यामुळे फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारी मोकळी फेक) हातातून सुटण्याआधीच तो पडला की नाही हे तुम्हाला कळून जातं.

डिसेंबरच्या मध्यावर दोन-अडीच आठवडे एकही सामना दिसला नाही तर पान बिघडलंय असं समजू नका. परीक्षा असतात.

दोन रकाने, दोन अर्थ

गुणतक्त्यात प्रत्येक संघापुढे जय-पराजयाच्या दोन जोड्या असतात. एक फक्त कॉन्फरन्समधल्या सामन्यांची, दुसरी सगळ्या मोसमाची. नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या संघांना धूळ चारणारा संघ कॉन्फरन्समध्ये मधेच लोंबकळत असू शकतो, आणि कॉन्फरन्सच्या बाद फेरीतलं मानांकन पहिल्या जोडीवरून ठरतं. वरचं मानांकन म्हणजे सामना आपल्या जिममध्ये. छोट्या जिममध्ये, मैत्रिणींच्या आणि प्राध्यापकांच्या आरडाओरड्यात खेळायला मिळणं हा किती मोठा आधार असतो, ते खेळलेल्यांनाच कळेल.

यानंतरची चूक मनाला लागते. तक्त्यात पहिला आलेला संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेलाच, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. थेट प्रवेश मिळतो तो फेब्रुवारीअखेरच्या कॉन्फरन्स स्पर्धेच्या विजेत्याला. दोन महिने सगळ्यांना हरवून अंतिम सामन्यात एका गुणानं हरलात, तर तुमचं नाव उरलेल्या जागांच्या यादीत जातं. त्या जागा २०२४-२५ पासून एनपीआय नावाच्या निर्देशांकावर ठरतात. त्यात नुसते विजय मोजत नाहीत, कोणाविरुद्ध जिंकलात तेही बघतात. म्हणून नोव्हेंबरमध्ये एखाद्या तगड्या संघाकडून झालेली हार बघून प्रशिक्षकाला नावं ठेवण्याची घाई करू नका. तो सामना मुद्दाम मागून घेतलेला असतो.

पुरुषांचे नियम डोक्यात ठेवू नका

ज्यांनी आपल्याकडे बास्केटबॉल खेळलंय त्यांना इथे फायदाच आहे. अमेरिकेत कॉलेजचे पुरुष वीस-वीस मिनिटांचे दोन भाग खेळतात. महिला मात्र २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर खेळतात, आपल्यासारखेच. सांघिक फाऊल दर क्वार्टरला पुन्हा शून्यापासून मोजतात आणि पाचव्या फाऊलपासून समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात. एवढं लक्षात ठेवलं तर क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात प्रशिक्षक का ओरडतेय ते समजतं. फरक शॉट क्लॉकचा, म्हणजे चेंडू बास्केटकडे फेकायला मिळणाऱ्या वेळेचा: आपल्याकडे २४ सेकंद, तिथे ३०. "किती वेळ बॉल फिरवतायत!" असं वाटलं तर हे आठवा.

बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता, वाचताना नजर आधी गुणांच्या रकान्यावर जाते. ती सवय मोडा. भाचीच्या रूममेटचे एका सामन्यात चार गुण होते. मी भाचीला सांत्वनाचा मेसेज पाठवला. तिनं उलट विचारलं, "मावशी, असिस्ट बघितलेस का?" नऊ असिस्ट (म्हणजे बास्केट करून देणारे पास), एक टर्नओव्हर (म्हणजे चेंडू गमावणं), ३६ मिनिटं. तो सामना तिनंच चालवला होता, आणि पॉइंट गार्ड म्हणून खेळलेल्या मला ते आधी दिसायला हवं होतं.

या मुली विद्यार्थिनी आहेत

एखादी खेळाडू दोन सामने दिसली नाही की प्रेक्षक अंदाज बांधायला लागतात: बाहेर काढलं, भांडण झालं, जमत नाही. दुखापत असू शकते, आजारपण असू शकतं, प्रयोगशाळेतलं काम असू शकतं. कॉलेज तिच्या तब्येतीबद्दल काही सांगत नाही, आणि सांगूही नये. तुम्ही ओळखीच्या असलात तरी तिला थेट विचारू नका. हरल्यावर तिच्या खात्यावर सूचना लिहायला तर मुळीच जाऊ नका. एकोणीस वर्षांची मुलगी रात्री बसनं परत येऊन सकाळी ९ च्या तासाला बसणार असते.

फेब्रुवारीतला एक सामना मात्र चुकवू नका: शेवटच्या वर्षाच्या मुलींचा, घरच्या मैदानावरचा शेवटचा. सामना सुरू होण्याआधी एकेकीला आईवडिलांसह मैदानाच्या मध्यावर बोलावतात, फुलं देतात. व्हिडिओ पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, नाहीतर एवढंच निसटतं. आणि त्या दिवशी सुरुवातीच्या पाचात नेहमी बाकावर बसणारी एखादी मुलगी दिसली, तर संघ कमकुवत केला असं म्हणू नका. चार वर्षं रोज सरावाला आलेल्या मुलीला तो मान देण्याची तिथे पद्धत आहे.

जमलं तर स्प्रिंगफील्ड आणि स्मिथ यांचा सामनाही शोधून ठेवा. १८९१ च्या डिसेंबरमध्ये जेम्स नेस्मिथनं हा खेळ शोधला तो आजच्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात. तेव्हा ती वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती, आणि वायएमसीएच्याच वाटेनं खेळ पुढे आपल्या भारतापर्यंत आला. नेस्मिथच्या खेळाला वर्षही झालं नव्हतं, तोच स्मिथच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवायला घेतला. २२ मार्च १८९३ ला तिथे कॉलेजच्या मुलींचा पहिला सामना झाला, पहिल्या वर्षाच्या विरुद्ध दुसऱ्या वर्षाच्या. पुरुष प्रेक्षकांना आत सोडलं नव्हतं. या दोन कॉलेजांमध्ये तीसेक किलोमीटरचं अंतर आहे, आणि मुली आजही बसनं ते पार करून एकमेकींविरुद्ध खेळायला जातात.