लॉजिक सिम्युलेटर स्वतः लिहायचा असेल तर

लॉजिक सिम्युलेटर म्हणजे डिजिटल सर्किट संगणकावर चालवून बघणारा प्रोग्राम. माझ्या पहिल्या सिम्युलेटरमध्ये मी साधा लूप फिरवला होता: सगळी गेटं (अँड, नॉट असे सर्किटचे घटक) ओळीने मोजायची, झालं. मग दोन फ्लिप-फ्लॉप (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट पकडून ठेवणारे घटक) एकामागे एक जोडले आणि क्लॉकच्या एकाच ठोक्यात डेटा दोन्हींमधून पार गेला; जायला हवा होता एकातूनच. यादीत गेटांचा क्रम उलटा केला, तर उत्तर बरोबर! तेव्हा कळलं, सर्किट ठीक आहे, खोट इंजिनात आहे.

सुरुवात वायरपासून करा. प्रत्येक वायरपाशी तिची किंमत आणि ती ज्या गेटांना जाते त्यांची यादी ठेवा. किंमत बूलियन (फक्त ० किंवा १) नको. निदान चार हव्यात: ०, १, एक्स (माहीत नाही) आणि झेड (वायर कोणीच चालवत नाही). सर्किट लिहायच्या व्हेरिलॉग या भाषेत याच चार आहेत, तशाच दुसऱ्या भाषेसाठीच्या, व्हीएचडीएलसाठीच्या, आयईईई ११६४ या मानकात ९. ० अँड एक्स म्हणजे ०, पण १ अँड एक्स म्हणजे एक्सच. सुरुवातीला सगळीकडे एक्स भरा. रीसेट (सर्किट ठरलेल्या सुरुवातीच्या स्थितीत आणणं) विसरलात तर लगेच उघडं पडतं.

आता पुढे व्हायच्या बदलांची रांग. एका नोंदीत वेळ, वायर आणि नवी किंमत. सर्वांत आधीच्या वेळेच्या सगळ्या नोंदी काढा, आधी सगळ्या वायरी बदला, आणि मगच ज्यांचं इनपुट बदललं तेवढीच गेटं मोजा. उत्तर लगेच वायरवर लिहायचं नाही, डिले (गेटाला उत्तर द्यायला लागणारा वेळ) मिळवून रांगेत टाकायचं. माझे फ्लिप-फ्लॉप एवढ्यानेच सुधारले. डिले शून्य असेल तर नोंद त्याच वेळेच्या पुढच्या फेरीत जाते. या फेरीला डेल्टा म्हणतात. डेल्टांना मर्यादा घालाच, नाहीतर स्वतःलाच जोडलेलं शून्य डिलेचं नॉट गेट, एकदा ० किंवा १ झालं की, सिम्युलेशनचं घड्याळ तिथेच अडकवून ठेवतं.

इंजिन तपासायला ही जोडणी घ्या: ए थेट अँडला, आणि तोच ए नॉटमधूनही अँडला. नॉटचा डिले २, अँडचा ३. वेळ १० ला ए ० वरून १ होतो. नॉटचं आउटपुट १२ ला ० होतं, तोवर अँडला दोन्ही १ दिसतात, म्हणून १३ ला १ आणि १५ ला ० अशा नोंदी होतात. ट्रान्सपोर्ट डिलेमध्ये (प्रत्येक बदल, कितीही छोटा असला तरी, पुढे जातो) हा काटा, म्हणजे क्षणभराची नको असलेली पल्स किंवा ग्लिच, वेव्हफॉर्मवर (किंमत वेळेनुसार दाखवणाऱ्या आलेखावर) दिसतो. इनर्शियल डिलेमध्ये (डिलेपेक्षा छोटी पल्स गिळली जाते) १२ ला नवी नोंद होताना १३ ची रद्द होते. २ एककांची पल्स ३ च्या गेटातून जात नाही. व्हीएचडीएलमध्ये न सांगता इनर्शियलच मिळतो. मीही तोच ठेवतो, ग्लिच शोधताना मात्र ट्रान्सपोर्ट लावतो.

रांग हीपमध्ये (सर्वांत आधीची वेळ वर ठेवणाऱ्या रचनेत) ठेवली असेल, तर रद्द नोंद तिच्या मधून उपसत बसू नका. त्या नोंदीवर खूण करा, वर आली की टाकून द्या.