‘चालेल की ताई’ म्हणजे होकार धरू नका

बायकांना कॅन्सरची तपासणी कितपत मान्य आहे, याचे फॉर्म मी मानखुर्दच्या वस्तीत घरोघरी भरते. सुरुवातीला एकच प्रश्न विचारायचे, “कॅन्सरची तपासणी कराल ना?” सगळ्या म्हणायच्या, “चालेल की ताई.” शिबिराला मात्र मोजक्याच यायच्या. दारात आलेल्या बाईचा मान राखायचा म्हणून त्या ‘चालेल’ म्हणत होत्या.

म्हणून आधी तपासणी नीट समजावून सांगा. तोंड बॅटरीने बघतात, स्तन हाताने तपासतात. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का पाहतात. तिन्ही तपासण्यांबद्दलची मतं वेगवेगळी लिहा. तोंड दाखवणारी बाई आतली तपासणी करून घेईलच असं नाही. सासूबाई समोर बसल्या असतील तर फॉर्म काढूच नका, परत जा.

प्रश्नांसाठी, एखादा उपचार किंवा तपासणी लोकांना कितपत मान्य आहे हे जोखायला २०१७ साली सेखों आणि सहकारी संशोधकांनी मांडलेले सात मुद्दे मला फार उपयोगी पडले: तपासणीबद्दल मनाला कसं वाटतं, त्रास किती वाटतो, आपल्या विचारात बसते का, नेमकी कळली का, तिच्यापायी काय बुडतं, गुण येईल असं वाटतं का, आपल्याला जमेल का. प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी गुण सांगणं बायकांना अवघड जातं. मी रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्या पाच पेल्यांचं चित्र पुढे ठेवते; भरलेला पेला म्हणजे तपासणीच्या बाजूने उत्तर, रिकामा म्हणजे विरोधात.

माळा ओवणाऱ्या एका ताईंनी सहा प्रश्नांना हातातला मणी भरल्या पेल्यावर ठेवला. ‘त्या वेळेला यायला जमेल का?’ म्हटल्यावर तोच मणी रिकाम्या पेल्यावर सरकवला. “दहाला शिबिर, आणि आमचं पाणी दहालाच येतं.” सरासरी काढली असती तर ही बाई कागदावर राजी दिसली असती. म्हणून प्रत्येक मुद्द्याचे गुण वेगळेच ठेवा.

‘गुण येईल का’ याला कमी गुण पडले तर टाटा रुग्णालयाचा अभ्यास सांगा. १९९८ पासून मुंबईच्याच वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी ही अ‍ॅसिडची तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण सांगायचं ते गुण लिहून झाल्यावर, आधी नाही.

शिबिरानंतर यादी ताडून पाहा: राजी किती, आल्या किती, संशय निघाल्यावर पुढच्या तपासणीला पोचल्या किती. आलेल्यांना विचारा, “पुन्हा याल? जावेला पाठवाल?” दारातूनच नाही म्हणालेल्या बायका आणि कुलूपबंद घरंही मोजा. कुलूप असलेल्या घरी रविवारी दुपारी एकदा जाऊन या.