मागे अख्खा ऑर्केस्ट्रा आणि पुढे आपलं पोर : या चुका टाळा

घरी सगळं पाठ असतं. बाईंच्या घरी दोन पियानोंवर वाजवलं तेव्हाही कुठे अडलं नव्हतं. मग ऑर्केस्ट्राबरोबरची पहिली तालीम येते आणि पंधरा मिनिटांत तीनदा थांबावं लागतं. कंडक्टर हसून म्हणतो, "पुन्हा घेऊ या." मुलाचे कान लाल झालेले असतात आणि मागच्या रांगेत बसलेल्या आई-बाबांना वाटतं, रियाज कमी पडला.

रियाज सहसा भरपूर झालेला असतो, फक्त तो एकट्याने झालेला असतो. मी मुलांना अशा पहिल्या कार्यक्रमासाठी तयार करते, आणि दर वेळी अडचणी जवळपास त्याच असतात. त्या इथे लिहून ठेवते. उदाहरणं बरीचशी मोत्झार्टच्या डी मायनर कॉन्चेर्टोची (के. ४६६, हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) आहेत. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना. हाच निवडला, कारण हुशार मुलांच्या वाट्याला तो लवकर येतो.

व्हिडिओ बघून कॉन्चेर्टो ठरवणं

मार्च १९८४ मध्ये बारा वर्षांच्या येव्गेनी किसिन या पियानोवादकाने मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात शोपँचे दोन्ही कॉन्चेर्टो एकाच कार्यक्रमात वाजवले. २०२२ मध्ये अठरा वर्षांच्या युनचान लिमने पियानोवादकांच्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेत राखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवला आणि तो या स्पर्धेचा सर्वांत लहान विजेता ठरला. या दोन्हींची ध्वनिमुद्रणं घरोघरी पोचली आहेत. त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलीचे बाबा येऊन थेट "राखमानिनॉफ कधी सुरू करायचा?" असं विचारतात.

किसिन ऑर्केस्ट्राबरोबर पहिल्यांदा बसला तो दहाव्या वर्षी, उल्यानोव्स्कला, आणि वाजवला हाच डी मायनर मोत्झार्ट. पियानोवादक मार्था आर्गेरिचने आठव्या वर्षी तोच मोत्झार्ट आणि बेटहोव्हनचा पहिला वाजवला होता. राखमानिनॉफच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोची सुरुवातच दहा-दहा स्वरांचा पल्ला मागणाऱ्या कॉर्डांनी होते. लहान हाताला ते एकदम धरता येत नाहीत, तोडून वाजवावे लागतात. मग मनगट ताठ होतं, आणि हे सगळं ऑर्केस्ट्राचा पहिला स्वर येण्याआधीच.

हायडनचा डी मेजर, मोत्झार्टचा ए मेजर (के. ४१४), बेटहोव्हनचा पहिला हे चांगले पर्याय आहेत. थोडं आधुनिक हवं असेल तर काबालेव्स्कीचा तिसरा घ्या, तो १९५२ साली तरुण वादकांसाठीच लिहिला गेला. के. ४१४ ची एक मोठी सोय आहे. मोत्झार्टने तो नुसत्या चार तंतुवाद्यांबरोबरही वाजवता येईल असा रचला आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो वाजवणारे चार ओळखीचे लोक जमवले की दिवाणखान्यात तालीम होते. मुंबई, पुणे, पणजीत असे चार जण शोधणं अवघड नाही. चार माणसांबरोबर श्वास जुळला की चाळीसांची भीती अर्ध्यावर येते.

"ते माझ्या मागून येतील" असं समजणं

ही चूक आपल्याकडच्या मुलांत मला खास दिसते आणि तिचं कारणही कळतं. आपण लहानपणापासून मैफली ऐकतो त्यात गवई पुढे आणि साथ मागे असते. गायिकेने जागा लांबवली तर तबलजी सांभाळून घेतो, सम आली की दोघं भेटतात. एक तबलजी हे करू शकतो. चाळीस जणांना ते एकदम करता येत नाही. त्यांच्या वतीने एकच माणूस काठी हलवत असतो, आणि तुमचं पोर काय करणार आहे हे त्याला एक ठोका आधी कळावं लागतं.

त्यात अंतराची भर पडते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मागे बसलेली ओबो, बासून, हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्यं घेतलेली मंडळी दहा मीटरवर असतील तर त्यांचा स्वर पियानोपाशी सेकंदाच्या तीन शतांशाने उशिरा पोचतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण जलद पॅसेजमध्ये मूल तो उशिरा आलेला स्वर ऐकून स्वतः थांबतं, मूल थांबलं म्हणून कंडक्टर थांबतो, आणि दोन ओळींत लय मेणासारखी पघळते. दुसऱ्या पियानोवर साथ करणाऱ्या बाई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या असतात आणि पियानोचा स्वर दाबताक्षणी उमटतो, म्हणून घरी हे कधी घडलेलंच नसतं. तंतुवाद्यांचा स्वर गजाने उगवायला थोडा वेळ घेतो, तेही मुलाने अनुभवलेलं नसतं.

लक्षण ओळखायचं असं : मूल म्हणतं, "ते सारखे मागे राहतात." उपाय डोळ्यांचा आहे. पियानोवादकाची उजवी बाजू प्रेक्षकांकडे असते, कंडक्टर डाव्या हाताला. जिथे एकत्र यायचं त्या जागांवर डावीकडे वर बघायची सवय घरीच लावा. मी भिंतीवर डाव्या बाजूला खिळ्याला टोपी टांगते आणि नोटेशनवर पेन्सिलने टोपीचं चित्र काढते. टोपी दिसली की मान वर. पोरं हसतात, पण मान वर होते. ज्या बारमध्ये (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात) नेमकं तेव्हाच हातांची मोठी उडी असेल, ती उडी न बघता घ्यायचा सराव वेगळा करावा लागतो.

ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण लावून त्यावर वाजवण्याची जी सोय मिळते, ती मी शेवटच्या महिन्यात बंद करते. ते मुद्रण कुणासाठी थांबत नाही, आणि मुलाला त्याच्यामागे धावायची सवय लागते.

शहात्तर बार नुसते मोजणं

डी मायनर मोत्झार्टमध्ये ऑर्केस्ट्रा शहात्तर बार एकटा वाजवतो. पियानो येतो सत्त्याहत्तराव्या बारला, अगदी एकाकी, हळू आवाजात. तोवर मूल काय करतं? मोजतं. चाळिशीत कुठेतरी आकडा चुकतो, घशाला कोरड पडते, आणि मग कंडक्टरच्या भुवयांकडे बघत बसावं लागतं.

मोजणं सोडून द्या. शहात्तर बार गुणगुणता आले पाहिजेत, खालच्या तंतुवाद्यांच्या त्या दबकत येणाऱ्या तीन-तीन स्वरांसकट. मी दुसऱ्या पियानोवर मुलालाच ऑर्केस्ट्रा वाजवायला लावते आणि सोलो मी वाजवते. दोन-तीन आठवडे असं केलं की एन्ट्री चुकत नाही, कारण आपण कुणाच्या बोलण्यानंतर बोलणार आहोत हे त्याला कळलेलं असतं. त्या वेळात हात मांडीवर ठेवावेत. पियानोवर नि:शब्द बोटं फिरवणारं मूल स्वतःला आणि पहिल्या रांगेला दोघांनाही घाबरवतं.

धडधडत्या छातीने लय ठरवणं

याच कॉन्चेर्टोचा दुसरा भाग, रोमान्स, पियानो एकटा सुरू करतो. तिसराही. म्हणजे तीनपैकी दोन भागांची लय कंडक्टरच्या हातात नसून एका लहान मुलाच्या नाडीवर असते, आणि ती नाडी त्या क्षणी घोड्यासारखी धावत असते. रोमान्सची सुरुवात इतकी सोपी आहे की जरा जलद गेली तरी छानच वाटते. मग मध्ये जी मायनरचं वादळ येतं, बोटं अडखळायला लागतात, आणि घरी लोक म्हणतात, "मधला भाग कच्चा राहिला." खरी चूक पाच मिनिटं आधी, पहिल्या ओळीत झालेली असते.

म्हणून रोमान्सचा पहिला स्वर वाजवण्याआधी ते वादळ मनात दोन बार वाजवायचं, आणि त्याची लय घेऊन सुरुवात करायची. पहिला भाग संपल्यावर आपल्याकडे हमखास टाळ्या पडतात. त्या वेळी उठून नमस्कार करायचा नाही. मान किंचित लववावी, हात मांडीवर ठेवावे, टाळ्या पूर्ण विराव्यात, मग वादळ आठवावं. कंडक्टर वाट बघत उभा असतो, त्याला घाई नसते.

कॅडेन्झा कुठली, हे कुणालाच न सांगणं

कॅडेन्झा म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो तो तुकडा. डी मायनरसाठी मोत्झार्टची स्वतःची कॅडेन्झा उपलब्ध नाही. बेटहोव्हनने लिहिलेली बहुतेक जण वाजवतात, पण इतरही आहेत. मोत्झार्टच्याच के. ४८८ या दुसऱ्या कॉन्चेर्टोमध्ये मात्र पहिल्या भागाची कॅडेन्झा मोत्झार्टनेच लिहून ठेवली आहे. कुठली वाजवणार ते कंडक्टरला आधी कळवा आणि शेवटच्या दोन ओळींची प्रत त्याच्या हातात द्या. कॅडेन्झाचा शेवट म्हणजे तिहाई समजा. सम कुठे पडणार हे सगळ्यांना ऐकू आलं, तरच सगळे समेवर येतात. घाबरलेलं मूल शेवट आटोपतं घेतं, ऑर्केस्ट्राचे गज अजून मांडीवर असतात आणि सम हवेत पडते. शेवटच्या ट्रिलमध्ये (शेजारचे दोन स्वर भराभर आलटून-पालटून वाजवतात त्यात) किती ठोके घ्यायचे ते पक्कं ठरवा आणि दर वेळी तेवढेच घ्या.

वेगळी प्रत

तालमीत कंडक्टर म्हणतो, "बार एकशे चौऱ्याण्णव." मुलाच्या जुन्या झेरॉक्सवर बारचे आकडेच नाहीत. सगळे थांबतात, मूल पानं उलटतं. ऑर्केस्ट्रा कोणती आवृत्ती वापरणार ते महिनाभर आधी विचारून आकडे आणि तालमीची अक्षरं (कुठून सुरू करायचं ते सांगण्यासाठी छापलेली ए, बी, सी) पेन्सिलने लिहून घ्या. तासाभराचं काम आहे.

पियानो, पेडल, एसी

घरच्या उभ्या पियानोवरून मूल एकदम पावणेतीन मीटर लांबीच्या कॉन्सर्ट ग्रँडवर येतं. उभ्या पियानोचं डावं पेडल दाबलं की हातोड्या तारांच्या जवळ सरकतात. ग्रँडवर मात्र अख्खा कीबोर्डच किंचित उजवीकडे सरकतो. हे आधी न पाहिलेल्या एका विद्यार्थ्याने तालमीत दचकून हात उचलले होते. मधलं पेडलही वेगळं : कित्येक उभ्या पियानोंवर ते आवाज दाबणारी नमद्याची पट्टी आणतं, ग्रँडवर ठरावीक स्वर धरून ठेवतं. कार्यक्रमाआधी दोन-तीनदा तरी कुठल्याही ग्रँडवर वाजवायला मिळालं पाहिजे. बूट तेच घालावेत जे सरावाला घातले. नवे, कडक तळव्याचे बूट पेडलवरून घसरतात.

आपल्या हवेचा प्रश्न वेगळाच. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, पट्ट्या जड होतात, कधी एखादी खालीच अडकते. सकाळी सभागृहाचा एसी बंद ठेवून पियानो लावून घेतला आणि संध्याकाळी एसी सोडला, की हवा कोरडी होते आणि सूर उतरतो. पियानो रंगमंचावर त्याच्या जागी आल्यावर आणि एसी काही तास चालू राहिल्यावरच ट्यूनरला बोलवा, आणि मध्यंतरात तो थांबेल का हेही विचारा. पियानो कॉन्चेर्टोमध्ये सगळा ऑर्केस्ट्रा पियानोच्या 'ए'शी सूर जुळवतो, त्यामुळे तो एक स्वर हलला तर सगळ्यांचंच बिघडतं. एसीने गार पडलेल्या बोटांसाठी विंगेत गरम पाण्याची बाटली किंवा लोकरी मोजे ठेवा.

बडवणं

ग्रँडचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं. आवाज तिकडे जातो, मुलाच्या कानावर मात्र मागचा ऑर्केस्ट्रा आदळतो, आणि त्याला वाटतं आपण ऐकूच येत नाही. मग ते बडवायला लागतं. तालमीत बाईंनी सभागृहाच्या मागच्या रांगेत बसावं आणि ऐकू येतं का ते सांगावं. एवढं पुरतं.

सुरुवातीपासूनच पाठ असणं

लोकलने जाणाऱ्याला दादरला चढता आलं पाहिजे, दर वेळी चर्चगेटहूनच बसून कसं चालेल? प्रत्येक भागात अशी दहा-बारा स्टेशनं ठरवा आणि कुणीही कुठलंही नाव घेतलं की तिथून सुरू करता यायला हवं. कार्यक्रमात विसर पडलाच, तर मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. ऑर्केस्ट्रा पुढे गेलेला असतो. पुढच्या स्टेशनवर जाऊन उभं राहायचं आणि गाडी आली की चढायचं.

पियानोवादक मारिया जुआव पिरिश एकदा ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊमध्ये दुपारच्या कार्यक्रमाला बसल्या, रिकार्दो शाईने काठी उचलली आणि सुरू झाला हाच डी मायनर. त्या वेगळाच मोत्झार्ट तयार करून आल्या होत्या. ते लांबलचक सुरुवातीचं वादन चालू असताना त्यांचा चेहरा उतरलेला दिसतो, शाई काठी हलवता हलवता त्यांना धीर देतो, आणि त्या वाजवतात, पाठ. मुलांना हे चित्रण मी दाखवते, पण एवढंच विचारते : त्या वेळी त्या कुणाकडे बघत होत्या?

आई-बाबांसाठी

विंगेत उभं राहून ओठ हलवू नका. पहिल्या रांगेतून मोबाईल धरून चित्रण करू नका, मुलाच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तो उजेड सतत दिसतो. शेवटच्या दिवशी "एकदा पूर्ण वाजवून दाखव" म्हणू नका. शेवटी कंडक्टरशी आणि पहिल्या व्हायोलिनवादकाशी हात मिळवायचा असतो, हे घरी दोनदा करून घ्या. नाहीतर मूल नमस्कार करून थेट पळत सुटतं.

या क्षेत्रातले आद्य पालक म्हणजे लेओपोल्ड मोत्झार्ट. ११ फेब्रुवारी १७८५ ला ते व्हिएन्नाला पोचले आणि त्याच संध्याकाळी मुलाने डी मायनर कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला. त्यांनी मुलीला पत्रात लिहिलं की आपण पोचलो तेव्हा नकलनवीस अजून ऑर्केस्ट्राच्या प्रती उतरवत होता, आणि त्यावर लक्ष ठेवण्यात वोल्फगांगला शेवटचा भाग, रोंडो, एकदा वाजवून बघायलाही वेळ मिळाला नव्हता. ही गोष्ट मुलांना सांगाच, पण कार्यक्रम झाल्यावर.