आकाशकंदिलातले साठ दिवे

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मला येत होती, म्हणजे ऑफिसातल्या एक्सेल शीटा जोडण्यापुरतं. सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलं नव्हतं. तरी दिवाळीच्या आधी ठरवलं, यंदा कंदिलात बल्ब नको, रंग पळवायचे. रास्पबेरी पाय पिको हा प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड घेतला आणि दर दिव्यात डब्ल्यूएस2812बी चिप असलेली मीटरभर एलईडी पट्टी, 60 दिव्यांची.

पिकोवर मायक्रोपायथॉन, म्हणजे अशा छोट्या बोर्डांसाठीचं पायथॉन, चढवलं, लॅपटॉपवर थॉनी हा कोड लिहायचा एडिटर उघडून न्यूपिक्सेल हे अशा पट्ट्या चालवणारं तयार मॉड्यूल घेतलं आणि पहिल्या दिव्याला लाल रंग दिला. एंटर. काही नाही. तासभर वायरी हलवून पाहिल्या. चूक वायरीत नव्हतीच. नेमून दिलेला रंग नुसता मेमरीत बसतो, राइट ही आज्ञा दिल्याशिवाय पट्टीकडे काहीच जात नाही. त्या एका तासात मला वाटलं, अवघड भाग संपला. तो सुरूच झाला नव्हता.

पट्टीत माहिती कशी जाते? पंगतीत पत्रावळ्यांचा गठ्ठा सरकवतात तशी. पहिला आपली एक काढून घेतो, उरलेला गठ्ठा शेजाऱ्याला देतो. इथे पत्रावळ म्हणजे 24 बिट, हिरव्या, लाल, निळ्याचे आठ-आठ. त्यामुळे मधला एक दिवा मेला की सहसा पुढची सगळी पंगत उपाशी. पट्टीवर बाण छापलेले असतात, गठ्ठा त्याच दिशेने जातो. मी उलट्या टोकाला जोडून एक संध्याकाळ घालवली, ती मोजत नाही. एक बिट साधारण सव्वा मायक्रोसेकंदाचा असतो. ही घाई पायथॉनच्या ओळींना झेपणारी नाही, ती मॉड्यूलच्या पोटातला सी भाषेतला कोड सांभाळतो. आपण फक्त रंग सांगायचे.

आता करंट. हा हिशेब आधी करा, कोड मग. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे 60 मिलिअँपिअर धरायचे. 60 दिव्यांचे झाले 3.6 अँपिअर. मी घरातला 2 अँपिअरचा मोबाइल चार्जर लावला आणि सगळे दिवे पांढरे केले. सुरुवातीचे पांढरे दिसले, शेवटचे पिवळट-तांबूस. व्होल्टेज उतरलं की निळा आधी दमतो. मग 5 व्होल्ट, 5 अँपिअरचा अडॅप्टर आणला आणि रंगाचे आकडे कमाल 255 वरून 40 वर उतरवले. घरच्या अंधारात 40 भरपूर होतात, खरं सांगायचं तर 255 डोळ्यांना सहनच होत नाही.

अडॅप्टर आला आणि पट्टीच्या अंगात आलं. कुठेही हिरवा, कुठेही जांभळा, वायरीला बोट लावलं की आणखी नाच. पट्टी अडॅप्टरवर, पिको लॅपटॉपच्या यूएसबीवर, आणि दोघांची ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची मायनस बाजू, एकमेकांना जोडलेलीच नाही! सिग्नलचं व्होल्टेज मोजायला दोघांचा शून्य एकच लागतो. ग्राउंडची एक वायर टाकली, नाच थांबला.

गॅलरीत पुन्हा लुकलुक. बोर्ड घरात ठेवून डेटाची वायर तीन मीटर ओढली होती. पिको 3.3 व्होल्टचा सिग्नल देतो. 5 व्होल्टवरच्या या चिपला कागदावर किमान 3.5 हवा. टेबलावर वीतभर वायरीत चालून जातं, लांबवर नाही. 74एएचसीटी125 ही लेव्हल शिफ्टरची, म्हणजे सिग्नल 5 व्होल्टपर्यंत चढवणारी, चिप मध्ये घातली, बोर्डच कंदिलात नेला आणि लांबून फक्त 5 व्होल्टची जाड वायर आणली. डेटाच्या वायरीत 330 ओहमचा रेझिस्टर आणि पट्टीच्या तोंडाशी, प्लस-मायनस बघून, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही बसवला.

फाइल पिकोवर मेन डॉट पीवाय या नावाने ठेवली की लॅपटॉप लागत नाही, वीज आली की प्रोग्रॅम सुरू. वसुबारसेला कंदील लावला. इंद्रधनुष्य फिरताना आईने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "हे पळवणं थांबव रे, गरगरतं. साधा पिवळा नाही का होत?" होतो. त्याला सगळ्या दिव्यांना एकच रंग देणारं फिल आणि मग राइट एवढंच पुरतं.